दोराची चव

मिठाच्या विहिरीत शेवटचा थर फोडायला गडी उतरतो, तेव्हा वर दोर धरायचा तो त्याच्या साळ्यानं. बापानं नाही, भावानं नाही, साळ्यानंच. पूर्णाकाठच्या खरबी गावात हा रिवाज कुणी पाडला ते सांगणारं कुणी उरलं नव्हतं, पण त्यातलं शहाणपण शेंबड्या पोरालाही कळायचं. भावाच्या मनात वाटणीचं काही येऊ शकतं, शेजाऱ्याच्या मनात बांधाचं. साळा मात्र दोर सोडणार नाही, कारण दोर सुटला तर त्याच्याच बहिणीचं कुंकू पुसलं जातं.

आता तुम्ही म्हणाल, समुद्र राहिला शंभर-दीडशे कोसांवर, आणि वऱ्हाडात मिठाच्या विहिरी आल्या कुठून? तर होत्या, बाप्पा. अकोला आणि अकोट यांच्या मधून पूर्णा वाहते. तिच्या दोन्ही अंगांची जमीन वरून काळी, कसदार, आणि पोटात खारी. तिथं पंधरा-सोळा पुरुष खोल खणत जायचं. एक पुरुष म्हणजे हात वर करून उभा राहिलेला गडी, असे पंधरा-सोळा गडी एकाच्या डोक्यावर एक. विहीर इतकी अरुंद, की दोन्ही कोपरं फाकवली तर भिंतींना लागावीत, आणि माती ढासळू नये म्हणून आतून तुरीच्या काड्यांचा कूड विणलेला. तळाशी दगडासारखा एक पातळ थर लागतो आणि त्याच्याखाली खारं पाणी कोंडून बसलेलं असतं. थर फुटला की ते जे उसळतं, ते बघता बघता तीन पुरुष वर चढतं. मग ते उपसून वाफ्यात पसरायचं. ऊन पाणी पिऊन टाकतं आणि मीठ मागं ठेवतं. पण ज्यानं थर फोडला त्यानं त्या उसळीच्या आधी वर यायला हवं, म्हणून तर दोर, आणि म्हणून साळा.

खरबीत थर फोडावा तर सहदेवनं. नऊ विहिरी त्यानं फोडल्या होत्या आणि नऊही वेळा त्याचा दोर चंद्रभाननं धरला होता. चंद्रभान म्हणजे सहदेवच्या बायकोचा, सत्यभामेचा, धाकटा भाऊ. माणूस वाईट नव्हता. कामाला वाघ, बोलायला गोड, फक्त एक खोड, की जे दिसत नाही ते नसतंच असं त्याला वाटायचं.

दोर धरणाऱ्याचं अर्धं काम वर धरण्याचं आणि अर्धं धुण्याचं. हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. अंबाडीचा जाड पिळाचा दोर खाऱ्या पाण्यात भिजला आणि तसाच वाळला, की त्याच्या पोटात मिठाचे खडे धरतात. वरून दोर नवाकोरा दिसतो, हाताला टणक लागतो, पण वाकला की आतले खडे करवतीसारखे एकेक धागा कापत जातात. म्हणून प्रत्येक विहिरीनंतर दोर तीनदा गोड्या पाण्यात बुडवायचा, तुडवायचा, पिळायचा आणि सावलीत वाळवायचा. मग गडी उतरायच्या आधी त्याच्या बायकोनं तो चाखायचा. हो, जिभेनं. कमरेच्या फाशाजवळ एकदा, मध्यावर एकदा, शेपटाशी एकदा. तिन्ही जागी ती ‘गोड’ म्हणाली, तरच गड्याच्या कमरेला फास पडायचा.

पण गोडं पाणी खरबीत होतं कुठं? कुठंही खणलं तरी खारं. पूर्णेच्या पात्रात फाल्गुनात डबकी उरतात, तीही मचूळ. प्यायचं पाणी दोन कोसांवरून, वडाळीच्या विहिरीवरून बायांनी डोक्यावर आणायचं. दोर धुवायचा तर गाडीवर मोठं पिंप घालून दोन-तीन खेपा कराव्या लागत. दरवर्षी चंद्रभान त्या करायचा.

त्या वर्षी गाड्या गावात नव्हत्या. अमेरिकेत कुठं भाऊ-भाऊ लढून राहिले होते, त्यांचा कापूस अडला, आणि विलायतेच्या गिरण्या वऱ्हाडाकडं तोंड करून बसल्या. कापसाला सोन्याची कळा आली. लोकांनी गाद्या उसवल्या, उश्या उसवल्या, बांधावरची अंबाडी उपटून तिथंही कपाशी पेरली. कुणी म्हणे, अमरावतीकडच्या एका पाटलानं गाडीच्या चाकाला चांदीची धाव ठोकली. खरं-खोटं देव जाणे, पण ऐकणाऱ्याचे डोळे फिरले एवढं खरं. आगीनगाडी अजून अकोल्याला पोचायची होती, तोवर सगळा कापूस बैलांच्या मानेवर. दिवाळी झाली आणि खरबीतली एकूण एक गाडी, सोबत धडधाकट गडी आणि बांधायचे नाडे, अमरावतीच्या व्यापाऱ्यांनी भाड्यानं नेले. चंद्रभाननं आपली गाडी आणि बैलजोडी चुलतभावाच्या हाती दिली आणि स्वतः विहिरीसाठी मागं राहिला.

त्या मोसमात एक विहीर फुटली, आणि दोर खाऱ्यात भिजला. चंद्रभाननं तो पडवीत वेटोळं करून ठेवला. गाडी आली की धुऊ, असं म्हणाला. गाडी काही आली नाही. आणि होळीच्या चार दिवस आधी सहदेव विहिरीतून वर येऊन म्हणाला, “थर लागला. उद्या फोडू. आणखी थांबलो तं कूड धरणार नाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रभाननं बायकोच्या, शकुनच्या, डोक्यावरची एक घागर उतरवून घेतली. दोराच्या फाशाकडचे आठ हात परातीत बुडवले, चोळले, पुन्हा बुडवले.

शकुन बघत उभी होती. “अवो, हे काय? नुसतं तोंड धुऊन ठेवून राहिले. सारा भिजवा नं.”

“पाणी कुठी हाय एवढं? तू आणशील काय बारा घागरी?”

“मंग बाईले सांगा, तुमच्या बहिणीले, आठ दिवस थांबा म्हणा.”

“काही होत नाय. टणक हाय दोर, पाय.” त्यानं दोर गुडघ्यावर आपटून दाखवला. शकुन पुढं बोलली नाही. नवऱ्याच्या कामात तोंड घालू नये असं तिला माहेराहून शिकवून पाठवलं होतं, आणि ते शिकवणाऱ्यांचं तळपट होवो.

विहिरीवर त्या दिवशी माणसं किती? दोर ओढायला चंद्रभान, त्याच्या मागं नत्थुजी, ज्यानं तरुणपणी स्वतः थर फोडले होते आणि आता ज्याच्या पाठीचं धनुष्य झालं होतं, आणि त्याच्याही मागं दोन म्हातारे. बाकी गाव कापसाच्या वाटेवर. सत्यभामा आली, पदर खोचला आणि हात पुढं केला. चंद्रभाननं दोराचा फास तिच्या हातात दिला. तिनं जिभेनं चाखला.

“गोड हाय,” ती म्हणाली.

मग तिनं मधला दोर उचलायला हात घातला. पण सहदेव घाई करत होता, ऊन चढत होतं. सत्यभामा भावाकडं बघून हसली. “राहू दे. भावानं धुतलेला दोर काय तीन-तीन जागी चाखाचा!” आणि तिनं हात काढून घेतला.

तेव्हा तो बोलू शकला असता. एका वाक्याचं काम होतं. पण जीभ टाळ्याला चिकटली, आणि एकदा चिकटली ती चिकटलीच.

सहदेव उतरला. विहिरीच्या तोंडावरची लाकडी गडगडी कुरकुरत राहिली, दोर सरकत राहिला. मग खालून पहारीचे घाव ऐकू यायला लागले, आधी भरीव, मग पोकळ. पोकळ आवाज आला की वरच्यांनी श्वास धरायचा. एक घाव, दुसरा, तिसरा, आणि खालून जमीन खाकरल्यासारखा आवाज आला. दोराला दोन हिसके बसले.

“ओढा,” चंद्रभान म्हणाला, आणि चौघांनी अंग मागं टाकलं.

एक पुरुष वर आला. दोन. तीन. दोर गडगडीवरून वाकत वर येत होता आणि प्रत्येक वेळी तो वाकला की चंद्रभानला बारीक चरचर ऐकू येत होती, जशी चुलीत मीठ पडल्यावर होते तशी. त्याला वाटलं, भास आहे. चौथा पुरुष झाला आणि चौघंही पाठीवर पडले. हातात दोर होता, पण त्याला वजन नव्हतं. उरलेला दोर गडगडीवरून सुळकन आत गेला आणि मग खाली धप्पकन पाणी वाजलं.

सत्यभामा विहिरीच्या तोंडाशी आडवी झाली. तिनं हाक मारली नाही. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, आणि त्या क्षणीही ते तिच्या तोंडून निघालं नाही. चंद्रभाननंच हाक घातली.

बराच वेळ नुसतं पाणी खळबळताना ऐकू आलं. मग खोलातून आवाज आला. “जिता हाय. खांदा गेला. दोर टाका.”

तो जिता राहिला ते त्या खाऱ्या पाण्यानंच. गोडी विहीर असती तर एका हाताचा माणूस पाच मिनिटांत तळाला गेला असता. खारं पाणी जड, ते माणसाला वर ढकलतं, थोडे पाय हलवले तरी तोंड बाहेर राहतं. पण ते थंड होतं, डोळे जाळत होतं, आणि मुख्य म्हणजे तळ फुटल्यानं खालचा कूड सुटत चालला होता. मधूनच मातीचं ढेकूळ डुबुक करून पडल्याचं वर ऐकू येई. एकदा कूड बसला की विहीर आपलं तोंड आपणच मिटते. हे तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

हातात उरलेला दोर नत्थुजीनं उचलला. दोन्ही हातांनी पीळ उलगडला तशी आतून पांढरी भुकटी त्याच्या तळव्यावर सांडली, आणि अंबाडीचे धागे बोटभर लांबीचे होऊन गळाले. त्यानं भुकटी जिभेला लावली. मग तळवा सत्यभामेपुढं धरला. तिनंही बोट लावून चाखलं, आणि मग तिनं भावाकडं पाहिलं.

“फासाजवळचे आठ हातच धुतले व्हते, बाई,” चंद्रभान म्हणाला. “पाणी नव्हतं. गाडी नव्हती.”

“आन् तोंड?” ती म्हणाली. “थे बी भाड्यानं गेलतं काय?”

त्याला वाटलं, धरणी फाटावी. ती फाटलेलीच होती, चार हातांवर, आणि तिच्यात त्याचा भाटवा, बहिणीचा नवरा, पोहत होता.

“भांडण मंग करा,” नत्थुजी म्हणाला. “दोर पाहा आधी.”

दोर कुठून आणणार? दुसऱ्या गावात मोटेचा नाडा सापडतो. खरबीत मोटच नव्हती, खाऱ्या पाण्यानं कुणी शेत भिजवत नाही. गाड्यांचे नाडे गाड्यांबरोबर अमरावतीला. बैल नाहीत म्हणून दावी नाहीत. एक म्हातारा धावत जाऊन दोन बाजांची दोरी सोडून घेऊन आला. नत्थुजीनं दोन टोकं धरून हिसका दिला आणि ती मध्येच तुटली. चंद्रभाननं डोक्याचं पागोटं काढलं, कमरेचं धोतर सोडलं आणि लंगोटीवर उभा राहिला. म्हाताऱ्यांची धोतरं पाहिली तर निव्वळ चाळण्या. पाहा कसा काळ होता. शिवारभर कपाशी, जगाला वस्त्र पुरवणारा मुलूख, आणि कापूस महागला म्हणून लुगडं महागलं, धोतर महागलं. दोन वर्षांत खरबीत कुणी नवं कापड अंगाला लावलं नव्हतं. गोधड्यासुद्धा उसवून विकून झाल्या होत्या. बायांच्या अंगावर एकेक लुगडं होतं. तेच रात्री धुवायचं, तेच ओलं नेसायचं.

सत्यभामा उठली. मिठाच्या कोठारात गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या अंगाला फाटकं गोणपाट गुंडाळलेलं होतं आणि हातात लुगडं होतं, सोळा हातांचं, जागोजाग शिवलेलं. ते तिनं नत्थुजीच्या पायाशी टाकलं आणि गावाकडं चालू लागली. म्हाताऱ्यांनी माना फिरवल्या.

ती दारोदार गेली. काय बोलली ते चंद्रभानला कळलं नाही, फार बोलली नसावी. एकेक दार लागत गेलं. आतून कडी वाजायची, मग फटीतून लुगडं बाहेर यायचं. एका घरात माय आणि लेक दोघींत एकच धडकं लुगडं होतं, तेही आलं. शकुन आपलं लुगडं घेऊन स्वतः विहिरीवर आली, दुसरं गोणपाट तिनं गुंडाळलं होतं. नवऱ्याकडं तिनं पाहिलं नाही. भर दुपारी खरबी गाव दारं लावून अंधारात बसलं होतं.

नत्थुजीनं लुगडी एकेक करून ताणून पाहिली. दोन फाटली, ती बाजूला टाकली. उरलेली दुहेरी करून पीळ घालायला घेतली. चंद्रभान पीळ देत होता, शकुन टोक धरत होती, सत्यभामा गाठी मारत होती आणि म्हातारे त्या गाठी ओढून पाहत होते. खालून मधूनमधून सहदेवचा आवाज येई. आधी तो “झालं काय?” विचारायचा. मग वरून हाक दिली की नुसतं “हो” म्हणायचा. मग बराच वेळ काहीच येईना, आणि चंद्रभान पीळ सोडून विहिरीकडं धावायचा, आणि नत्थुजी त्याला शिवी देऊन परत बोलवायचा.

“पाणी आणा,” नत्थुजी म्हणाला. “ओलं करा याले. अंबाडीचं मले माहीत नाय, पण कापसाचं सूत भिजलं की बळ धरते. सुक्या गाठी बी सरकतात, ओल्या बसतात.”

“खारं घालू?” एका म्हाताऱ्यानं विचारलं. वाफ्यात खारं पाणी उभं होतं.

“खारं नाय,” सत्यभामा म्हणाली.

पुन्हा दारांच्या फटीतून हात आले. या वेळी घागरी होत्या, कळशा होत्या, एका घरातून तांब्याच. सकाळीच दोन कोसांवरून डोक्यावर आलेलं, पोराबाळांच्या तोंडचं पाणी. ते लुगड्यांच्या दोरावर ओतलं गेलं. दोर धुवायला जेवढं पाणी लागलं असतं तेवढं सारं. चंद्रभान ते बघत होता आणि त्याला रडू येत होतं. रडायलाही लाज वाटत होती, म्हणून तो खाली मान घालून पीळ देत राहिला.

दोर झाला. सत्यभामेनं टोकाला फास केला आणि आत डोकावली. “फास टाकून राहिलो. कमरेले घाला.”

खालून उत्तर आलं, पण फार हळू. “हात चालत नाय.”

कुणीतरी उतरायला हवं होतं. चंद्रभाननं सवयीनं दोराचं मागचं टोक हातात घेतलं, पायाची खीळ रोवली.

“सोड थे,” सत्यभामा म्हणाली. “तू उतर. दोर मी धरीन.”

“बाई, बाईमाणसानं दोर...”

“उतर.”

तो उतरला. बहिणींच्या, भावजयांच्या, शेजारणींच्या लुगड्यांना धरून उतरला. हाताखाली ठिगळं लागत होती, शिवणी लागत होत्या, कुठं हळदीचा वास येत होता. वरचं आभाळ ताटाएवढं झालं, मग वाटीएवढं. मग पायाला थंड पाणी लागलं.

सहदेव कुडाच्या एका काडीला बोटं अडकवून तरंगत होता. डोळे सुजून मिटले होते. तोंडावर मिठाची साय.

“कोण, चंद्रा काय?”

“हो, भाटवे.”

“दोर काहून तुटला रे?”

अंधारात खोटं बोलणं सोपं असतं. पण चंद्रभानचं खोटं त्या दिवशी सकाळीच संपलं होतं. “मीठ व्हतं आत. म्या धुतला नाय. फासाकडचाच धुतला, बाईले चाखाले.”

वरून मातीचं ढेकूळ सुटलं आणि दोघांच्या मध्ये पडलं. चंद्रभाननं चाचपून पाहिलं, तर सहदेवच्या कमरेला जुना फास तसाच होता आणि त्याला लागून आठ हात दोर, घट्ट, शाबूत; त्यापुढचा जागोजाग विरून पाण्यात सुटलेला. धुतलेला. त्यानं त्याच्याशी लुगड्यांचा दोर गाठला, दुसरी गाठ काखेखालून घातली, आणि दोन हिसके दिले.

वर जाताना सहदेव एवढंच म्हणाला, “पाणी मात्र लय पक्कं लागलं. अशी खार म्या कधी चाखली नाय.”

मग चंद्रभान एकटा उरला. दोराचं टोक त्याच्या डोक्यावरून वर गेलं. थेंब पडत राहिले, मग तेही थांबले. आता दोर परत यायचा होता. वरून गलका ऐकू आला, मग कुणीतरी हुंदका दिला, मग शांत. तो पाय मारत राहिला. कुडाची एक आख्खी पट्टी सुटून त्याच्या खांद्यावर आली आणि मागून चिखल. त्यानं हाक मारली नाही. कुठल्या तोंडानं मारणार? त्यानं मनातल्या मनात हिशोब लावला, की वर दोर धरणारी त्याच्या भाटव्याची बायको आहे, त्याची स्वतःची बहीण नंतर. आणि त्याला खरंच वाटलं की दोर आला नाही तरी ते बरोबरच होईल. खारं पाणी तोंडात जात होतं. त्यानं थुंकलं, पुन्हा गेलं, मग त्यानं थुंकणं सोडून दिलं.

किती वेळ गेला कोण जाणे. मग तोंडावर काहीतरी ओलं येऊन आपटलं. लुगड्याचा काठ होता.

वर आल्यावर त्यानं पहिल्यांदा बहिणीचे हात पाहिले. दोन्ही तळवे सोलून निघाले होते. सहदेव तट्ट्यावर पडला होता, शकुन त्याच्या डोळ्यांवर ओला चिंधीचा बोळा धरून बसली होती, आणि त्याची छाती वरखाली होत होती. चंद्रभान गुडघ्यांवर बसला आणि बहिणीच्या पायांकडं हात नेला. तिनं पाय मागं घेतले. त्याच वेळी मागं विहिरीत घरंगळल्यासारखा आवाज झाला, बराच वेळ होत राहिला, आणि तोंडातून धूळ वर आली. कुणी वळून पाहिलं नाही.

“गाठी सोड,” सत्यभामा म्हणाली. “बाया उघड्या बसल्या हायेत. ही खारी लुगडी कशी नेसतील? अंग सोलून निघंल. धुऊन आण.”

गावात थेंबभर गोडं पाणी उरलं नव्हतं. चंद्रभाननं सगळी लुगडी डोक्यावर घेतली आणि वडाळीची वाट धरली. दोन कोस. दोन्ही बाजूंना वेचून झालेल्या कपाशीच्या पळाट्या उभ्या होत्या. विहिरीवर त्यानं एकेक लुगडं तीनदा बुडवलं, तीनदा पिळलं, रिवाजाप्रमाणं. पाणी शेंदून शेंदून खांदे भरून आले. वडाळीच्या बायांनी नाकाला पदर लावून त्याला हसून घेतलं. त्यानं प्रत्येक लुगडं चाखून पाहिलं. पण विहिरीत इतकं खारं पाणी पोटात गेलं होतं, की त्याच्या जिभेला आता सगळंच सारखं लागत होतं. वडाळीचं पाणीही खारंच लागलं. तरी त्यानं पुन्हा एकदा सगळी बुडवली.

दिवस मावळायला तो परतला. दार वाजवायचं, फट व्हायची, हात यायचा, लुगडं घ्यायचा, फट मिटायची. एकाही दारातून शिवी आली नाही. आली असती तर त्याला बरं वाटलं असतं. आपल्या घरी शकुनचा हात ओळखीचा होता. तोही तसाच आला आणि तसाच गेला.

शेवटचं दार बहिणीचं. ती गोणपाटातच दारात आली. आत दिवा होता, सहदेव कण्हत होता. तिनं लुगडं हातात घेतलं आणि उलगडलं. काठ जिभेला लावला. मग मध्य शोधला, तोही लावला. मग सोललेल्या बोटांनी सावकाश पुढं सरकवत दुसऱ्या टोकापर्यंत गेली आणि तेही जिभेला लावलं. चंद्रभान उभा होता.

“खारट हाय,” ती म्हणाली.

“राहू दे वं,” आतून सहदेव म्हणाला. “अंधार पडून राहिला.”

तिनं लुगड्याची घडी घातली आणि भावाच्या हातावर ठेवली. त्यानं ती डोक्यावर घेतली, आणि वडाळीच्या वाटेला लागला.